‘कोलॅटरल डॅमेज’ : हेतू आणि अंदाज

‘कोलॅटरल’ हा शब्द आपल्याला बँकेत भेटतो, तारण या अर्थानं. त्याच्या मुळाशी ‘बाजू’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. लष्करी भाषेतलं ‘कोलॅटरल डॅमेज’ म्हणजे नेम धरला त्याच्या आजूबाजूला झालेलं नुकसान. आपण म्हणतो ना, सुक्याबरोबर ओलंही जळतं!

एक उदाहरण पाहू. 12 एप्रिल 1999, सर्बियातलं ग्रदेलिका. नाटोच्या विमानानं रेल्वेपुलावर क्षेपणास्त्र सोडलं आणि नेमकी प्रवासी गाडी पुलावर आली. इथवर आपण अपघात म्हणू. पण वैमानिकानं पुलाच्या दुसऱ्या टोकावर आणखी एक सोडलं. तेही गाडीलाच लागलं. किमान 10 माणसं मेली. पत्रकारांना दाखवलेल्या चित्रफितीत गाडी प्रत्यक्षापेक्षा खूप वेगानं येताना दिसत होती, हे पुढे उघड झालं. जर्मनीत तर भाषातज्ज्ञांनी याच शब्दाचं जर्मन रूप 1999 चा ‘अशब्द’ ठरवलं.

मग आपण काय समजायचं? ‘हेतू नव्हता’ आणि ‘कल्पना नव्हती’ या वेगळ्या गोष्टी आहेत. जिनिव्हा करारांना 1977 मध्ये जोडलेला पहिला पूरक करार सांगतो की नागरिकांची संभाव्य हानी लष्करी फायद्याच्या मानानं अवाजवी असेल, तर हल्ला करू नये. म्हणजे अंदाज आधी बांधायचा असतो. हा शब्द मात्र बहुधा नंतर ऐकू येतो. तो ऐकला की आपण एवढंच विचारावं : ओलं किती जळेल, हे काडी लावणाऱ्यानं आधी पाहिलं होतं का?