सीमाभागातली रशियन बाराखडी

रशियन भाषा शिकायची म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मॉस्को येते, किंवा गेला बाजार पुण्या-मुंबईतला एखादा वर्ग. बेळगाव आणि निपाणी ही नावे या संदर्भात कुणालाच सुचत नाहीत. ही नावे घेतली की सीमाप्रश्न आठवतो, निपाणीची तंबाखू आठवते, बेळगावचा कुंदा आठवतो. आम्हा गोमंतकीयांसाठी तर बेळगाव म्हणजे घाट चढून गेल्यावर लागणारे पहिले मोठे शहर. मुक्तीपूर्वी गोव्यातल्या कितीतरी मुलांची शाळा-कॉलेजे तिथेच झाली. पण रशियनचा पहिला धडा गिरवायला सीमाभागातल्या मराठी माणसाइतका तयारीचा विद्यार्थी शोधून सापडणार नाही, असे माझे मत झाले आहे. ते कसे झाले हे सांगण्याआधी थोडा इतिहास पाहू.

रशियन माणूस आणि आपला मुलूख यांची ओळख फार जुनी आहे. त्वेर गावचा अफानासी निकितिन नावाचा व्यापारी १४६९ च्या सुमारास चौलच्या बंदरात उतरला. सोबत विकायला आणलेला एक घोडा होता. जुन्नरच्या अधिकाऱ्याने तो घोडा काढून घेतला आणि धर्म बदलण्याची अट घातली. त्यातून कसाबसा सुटून निकितिन बहामनी राजधानी बीदरला पोचला. तिथला वजीर महमूद गावान याला तो 'मेलिकतुचार' म्हणतो. मलिक-उत-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, या किताबाचे ते रशियन रूप. याच गावानने १४७२ मध्ये विजयनगरकडून गोवा घेतला आणि पाठोपाठ बेळगावचा किल्लाही. गोवा आणि बेळगाव एकापाठोपाठ एका हातात जात होते, त्याच सुमारास हा रशियन माणूस दख्खनमध्ये आपली टिपणे लिहीत होता.

त्या टिपणांची भाषा पाहण्यासारखी आहे. मूळ रशियन, पण मध्येच फार्सी, तुर्की, अरबी शब्दांची सरमिसळ, इतकी की काही ठिकाणी प्रार्थनासुद्धा त्या मिश्र बोलीत. त्याला कुणी व्याकरण शिकवले नव्हते. बाजाराने जे दिले ते त्याने घेतले. परतताना स्मोलेन्स्कजवळ तो वारला, वही मात्र मॉस्कोला पोचली.

उलट दिशेने गेलेला माणूस आपल्या साखवाळचा. धर्मानंद कोसंबी, जन्म १८७६. घरची शेती, शाळेचे शिक्षण बेताचे. बुद्धाचा धर्म समजून घ्यायचा या एका ध्यासाने त्यांनी १८९९ च्या अखेरीस घर सोडले. पुण्यात आणि काशीत संस्कृत, मग सिंहलद्वीपात आणि ब्रह्मदेशात पाली. पालीला स्वतःची लिपी नाही. ती सिंहलात सिंहली अक्षरांत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी अक्षरांत. म्हणजे प्रत्येक मुक्कामावर पुन्हा बाराखडी. पुढे अमेरिकेत हार्वर्डला 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी गेले असता तिथे त्यांनी रशियन शिकून घेतली. १९२९ मध्ये लेनिनग्राडहून बोलावणे आले. श्चेरबात्स्की या थोर पंडिताने तिथे बौद्ध विद्येचे मोठे केंद्र उभे केले होते. पन्नाशी ओलांडलेला हा सारस्वत गृहस्थ रशियात पाली शिकवायला गेला, आणि परत येऊन १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात उतरला. श्चेरबात्स्कींच्या काही शिष्यांचा पुढे १९३७ च्या दडपशाहीत बळी गेला, हेही विसरता कामा नये.

तिसरे नाव अण्णाभाऊ साठे यांचे. वाटेगावचा, शाळेत जेमतेम गेलेला हा शाहीर १९६१ मध्ये सोव्हिएत युनियनला जाऊन आला आणि त्याने 'माझा रशियाचा प्रवास' लिहिले. सीमाभागाशी त्याचे नाते वेगळे सांगायला नको. बेळगाव-कारवार महाराष्ट्राबाहेर राहिल्याचे दुःख त्याने आपल्या 'माझी मैना' या छक्कडीत घातले आहे. २०२२ मध्ये मॉस्कोतल्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णाभाऊंचा पुतळा बसला.

त्या काळात रशिया आपल्याकडे पुस्तकांच्या रूपाने येत होता. मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तके, घट्ट बांधणी, रंगीत चित्रे आणि किंमत अगदीच नगण्य. 'सोव्हिएत लँड'चे गुळगुळीत कागद शाळेच्या पुस्तकांना कव्हर घालायला वापरल्याचे माझ्या पिढीतल्या बहुतेकांना आठवत असेल. सोव्हिएत युनियन १९९१ मध्ये मोडले आणि तो ओघ आटला. पण भाषा शिकण्याची सोय पूर्ण संपली नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात रशियन शिकवली जाते, आणि निपाणीहून कोल्हापूर तासाभराच्या अंतरावर. निपाणीकरांचे देवचंद कॉलेजही अर्जुननगरला, म्हणजे कर्नाटकाची हद्द ओलांडून कागल तालुक्यात. राज्य बदलून कॉलेजला जाणे ही तिथल्या मुलांची रोजची गोष्ट.

आता प्रत्यक्ष धड्याकडे येतो. काही वर्षांपूर्वी निपाणीकडच्या माझ्या एका स्नेह्यांचा मुलगा वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाला निघाला. तिकडे वर्ग इंग्रजीत चालले तरी इस्पितळातला रोगी रशियनच बोलतो, त्यामुळे भाषा टळत नाही. मला जुन्या सोव्हिएत पाठ्यपुस्तकांवरून शिकलेली थोडीफार रशियन येते, म्हणून जाण्यापूर्वी त्याला अक्षरओळख करून द्यायचे काम माझ्याकडे आले.

अक्षरे एकूण ३३. काही इंग्रजीसारखीच दिसतात आणि उच्चारही तोच. खरा घोटाळा असतो तो दिसायला ओळखीच्या पण आवाजाने परक्या अक्षरांचा. इंग्रजी 'पी'सारखे दिसणारे अक्षर 'र' आहे. 'एच'सारखे दिसते ते 'न', 'सी' दिसते ते 'स', 'बी' दिसते ते 'व', 'एक्स' दिसते ते 'ख' आणि 'वाय' दिसते ते 'उ'. सोव्हिएत अंतराळवीरांच्या शिरस्त्राणावर जे 'सीसीसीपी' आपण वाचत होतो ते खरे तर 'स-स-स-र' होते. रोज देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्यांच्या पाट्या वाचत वाढलेल्या मुलाला याचे भय वाटले नाही. चार दिवसांत तो अडखळत का होईना वाचू लागला.

मग उच्चार. रशियनमध्ये 'त्स' असा एक ध्वनी आहे आणि त्याला स्वतंत्र अक्षर आहे. हिंदी भाषकाला तो जड जातो. आपल्याला तो 'चमचा' या शब्दात जन्मापासून येतो. 'चहा'तला च वेगळा आणि 'चमचा'तला वेगळा. आपण दोन्ही एकाच अक्षराने लिहितो, रशियन माणूस दोन अक्षरांनी लिहितो, इतकाच फरक.

शब्दांचे म्हणाल तर संस्कृतची ओळख असलेल्याला घरी आल्यासारखे वाटते. द्वा, त्री म्हणजे दोन, तीन. 'ब्रात' म्हणजे भाऊ, 'मात्' म्हणजे आई, 'व्दवा' म्हणजे विधवा. 'द्येविर' म्हणजे दीर. 'कग्दा' म्हणजे केव्हा, 'तग्दा' म्हणजे तेव्हा; आपले कदा आणि तदा. आणि उसाच्या पट्ट्यातल्या या मुलाला सगळ्यात आवडलेला शब्द म्हणजे साखर. रशियनमध्येही साखरेला जवळपास 'साखर'च म्हणतात, फक्त ख थोडा घशातून काढायचा. संस्कृत 'शर्करा' मजल दरमजल करत तिकडे पोचली, आणि दोन्ही टोकांना तिचे रूप जवळजवळ एकच झाले.

खरी गंमत वाक्याची. रशियनमध्ये वर्तमानकाळात 'आहे' लागत नाही. 'एता दोम' म्हणजे 'हे घर'. झाले वाक्य. बोलताना आपणही 'हा माझा भाऊ' म्हणून थांबतो, पण लिहायला बसलो की 'आहे' जोडल्याशिवाय चैन पडत नाही. मुलगा पहिले दोन दिवस प्रत्येक वाक्याला 'आहे'चा रशियन शब्द चिकटवत होता. तिसऱ्या दिवशी एकदम थांबला आणि म्हणाला, "काका, हे तर कन्नडसारखं आहे की! इदु मने. एता दोम."

खरेच. 'इदु' म्हणजे हे, 'मने' म्हणजे घर. त्यात 'आहे' नाही. त्यानंतर त्याची चूक झाली नाही.

मुलाचे आजोबा शेजारी बसून ऐकत होते. ऐन उमेदीत सीमालढ्यात उतरलेले, घरात कन्नड बोलू न देणारे. ते हसून म्हणाले, "इतकी वर्सं कन्नडला उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाई, तर ती आता रशियावरनं फिरून आली व्हय!" आणि मग गंभीर होऊन, "पर सक्ती नको हे माझं म्हणणं अजून तेच हाय."

मला त्यांचे दोन्ही म्हणणे पटले. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातला हा भाग म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोगाने १९६७ मध्ये निपाणी महाराष्ट्राला आणि बेळगाव म्हैसूरला अशी शिफारस केली, ती मान्य झाली नाही. २००४ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. या सगळ्यात सामान्य माणसाला जाचते ते कागदाचे. आजोबांच्या वेळचा दस्त मोडीत, वडिलांच्या शाळेचा दाखला मराठीत आणि आज जमिनीचा उतारा कन्नडमध्ये. स्वतःच्या शेताचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागणे यासारखी मानहानी नाही.

रशियन भाषेच्या इतिहासातही हे दुःख आहे. सोव्हिएत राजवटीत उझबेक, तातार अशा कितीतरी भाषांची अरबी लिपी १९२० च्या दशकात काढून रोमन दिली गेली, आणि १९४० च्या आसपास तीही काढून रशियन अक्षरे दिली गेली. एका आयुष्यात तीन लिप्या. आजोबांचे पत्र नातवाला वाचता येईना. आम्हा गोमंतकीयांना हे समजायला जड जाऊ नये. १६८४ मध्ये आल्वोरच्या विसरेईने तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलण्याचे फर्मान काढले होते, त्याचा इतिहास आपण वाचलेला आहे.

म्हणून सक्तीला विरोध हवाच. पण सक्तीचा राग भाषेवर काढला की नुकसान आपलेच होते. त्या मुलाकडे रशियन वाक्याची किल्ली होती ती कन्नडमुळे. आणि तीच गोष्ट मराठीचीही. रशियनमध्ये नामांची तीन लिंगे आहेत, आपल्या तो-ती-ते सारखी. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सरसकट एकाच वर्गात जातात, हिंदीत नपुंसकलिंग नाही. तिथे मराठी कामाला येते. फक्त एक सावधगिरी बाळगायची. आपला घोडा आकारान्त आणि पुल्लिंगी, तर रशियनमध्ये आकारान्त शब्द बहुधा स्त्रीलिंगी. 'वदा' म्हणजे पाणी, तेही स्त्रीलिंगी.

आणखी एका बाबतीत दोन्ही भाषा खांद्याला खांदा लावून उभ्या राहतात. इंग्रजीत माणूस वस्तू 'बाळगतो', आवड स्वतः 'करतो'. रशियनमध्ये वस्तू माझ्याकडे असते, 'उ मिन्या येस्त'. थंडी मला वाजते, 'म्ने खोलदना'. मराठीत 'मला थंडी', कन्नडमध्ये 'ननगे चळि'. इंग्रजीच्या वाटेने रशियन शिकणारे महिनाभर इथे ठेचकाळतात. 'तू' आणि 'तुम्ही'चा भेदही रशियनमध्ये आपल्यासारखाच आहे, वडीलधाऱ्यांना बहुवचन.

आपल्या गोव्यात याचा पुरावा रोज दिसतो. मोरजीच्या किनाऱ्यावर रशियन पाट्या लागल्या, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. तिथे माळा आणि कपडे विकणाऱ्या बायका पुष्कळदा कर्नाटकातून आलेल्या. गिऱ्हाईकाने 'स्कोल्का?' म्हणजे 'किती?' विचारले की त्या रशियन आकड्यांत भाव सांगतात, शेजारणीशी कन्नड किंवा लमाणी बोलतात, हॉटेलवाल्याशी कोकणी. पुस्तक त्यांनी पाहिलेले नाही. निकितिननेही पाहिले नव्हते.

कुणाला रशियन शिकायची इच्छा असेल तर माझे सांगणे सोपे आहे. अक्षरांना पंधरा दिवस द्या, रोज अर्धा तास. रोमन लिपीत उच्चार लिहून घेऊ नका, देवनागरीत लिहा. आपली अक्षरे त्या ध्वनींच्या अधिक जवळ जातात. व्याकरण अडले की आधी मराठीत शोधा, तिथे नसेल तर कोकणीत, आणि येत असेल तर कन्नडमध्ये. पहिले वाक्य म्हणून 'एता साखर' घ्या. ते म्हणायला कुणालाच कठीण जाणार नाही.