किरणांनी दुखावलेले आतडे आणि घरातला इसबगोल

वाचकहो, क्ष-किरणांचा शोध रॉन्टगेन यांनी १८९५ साली लावला, हे आपल्या मुलांनी शाळेत वाचलेले असते. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, डेव्हिड वॉल्श नावाच्या डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केलेली हकीकत मात्र पाठ्यपुस्तकात नसते. किरणांच्या नळीजवळ काम करणाऱ्या एका माणसाचे पोट दुखू लागले, जुलाब होऊ लागले. पोटापुढे शिशाचा आडोसा केल्यावर त्रास थांबला.

आतड्यालाच ही झळ का लागावी? आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होत असते. त्याच्या तळाशी सूक्ष्म खळगे असतात आणि तेथील मूळ पेशी सतत विभागत राहतात. विभागणाऱ्या पेशींवर किरणांचा आघात अधिक होतो. कर्करोगाच्या पेशीही अशाच झपाट्याने विभागतात, म्हणून तर हा उपचार करतात. आपल्याकडे त्याला ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात. ओटीपोटावर शेक घेणाऱ्यांना जुलाब लागतात ते यामुळेच.

आता आपल्या फडताळातल्या इसबगोलाकडे वळू. हा शब्द फारसी. अर्थ ‘घोड्याचा कान’, कारण बी तशा आकाराचे. अरबीत त्याला ‘बज्र कतूना’ म्हणत आणि इब्न सीना (९८०–१०३७) यांच्या ‘अल-कानून’मध्ये त्याचा उल्लेख आहे. आपल्या आजीला हे ठाऊक नसेल, पण दह्यात भुसी कधी घालावी आणि कोमट दुधात कधी, हे पक्के ठाऊक होते! भुसी पाणी शोषून फुगते, म्हणून पातळ मलही बांधला जातो. २००० साली कॅनडात ओटीपोटावर किरणोपचार घेणाऱ्या रुग्णांवर हिची लहानशी चाचणी झाली, तेव्हा भुसी घेणाऱ्यांना जुलाबाचा त्रास कमी झाला.

पण जुलाब आवरणे म्हणजे जखम भरणे नव्हे. त्या दिशेने लक्षणीय काम झाले ते एका चिनी काढ्यावर. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथातला हा काढा चार वनस्पतींचा असून त्यांत आपल्या ओळखीचे ज्येष्ठमध आणि बोरही आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठात युंग-ची चेंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगाच्या एका औषधाने आतडे दुखावलेल्या उंदरांना तो दिला. आतड्यातील मूळ पेशी पुन्हा वाढू लागल्या, असे त्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केले. मात्र ही इजा औषधाने झालेली होती, किरणांनी नव्हे, आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे.

म्हणून पालकहो, घरात कोणाचा शेक चालू असेल, तर कोणी कितीही खात्रीने मुळ्या-पाला सांगो, शेक मध्येच सोडू देऊ नका. साधा इसबगोलसुद्धा डॉक्टरांना विचारून आणि भरपूर पाण्याबरोबरच द्यावा. किरणांमुळे काहींचे आतडे पुढे अरुंद होते, आणि अशा जागी फुगलेली भुसी अडकून बसते.