तापलेला शाफ्ट थांबू द्यायचा नाही

चपला इथेच काढा. दीपनगरच्या फाटकातून आत जायचं तर पायांत जाड तळाचे बूट हवेत आणि अंगात सुती खाकी. टेरिकॉट नको, आतल्या धगीत ते कातडीला चिकटतं. मोबाइलही ठेवून द्या, त्यावर तुमच्याशी बोलणारं इथे कुणी नाही. तुम्ही 1980च्या दशकातल्या एका मे महिन्यात येऊन पोहोचला आहात, भुसावळच्या औष्णिक वीज केंद्रात. रात्रपाळीची माणसं हातात डबे घेऊन आत शिरताहेत. मिसळा त्यांच्यात.

अकरा वाजलेत तरी वारा पोळतोय. दिवसभर तापलेली जमीन, भिंती, रेल्वेचे रूळ, सगळं आता घेतलेली उष्णता परत करतंय. नाकात आधी शिरतो तो पाणी मारलेल्या कोळशाचा आंबूस वास, मग राखेचा कोरडा. दातांखाली बारीक कचकच लागते. बोगनवेलीची पानंही इथे राखाडी आहेत. पाऊस पडेपर्यंत ती तशीच राहणार.

“काय भो, नवीन का?” खांद्यावर हात पडतो. हे नाना. टर्बाइनचे ऑपरेटर, पन्नाशीकडे झुकलेले, गळ्यात ओला पंचा. वीज मंडळात त्यांची उमर गेली, आधी 62.5 मेगावॉटच्या जुन्या संचावर, आता या 210 मेगावॉटच्या धुडावर. त्यांच्या मागे चला. लोखंडी जिन्याचा कठडा धरू नका, हात भाजेल.

जिना संपतो आणि आवाज तुमच्या छातीत घुसतो. कानांना तो नंतर कळतो, आधी बरगड्या थरथरतात. समोर लांबच लांब दालन, वर पिवळी क्रेन, आणि मधोमध एका ओळीत पडलेली पत्र्याने मढवलेली अजस्र पिंपं. पहिल्यात वाफ शिरते ती 535 अंशांची, ती पाती ढकलत दुसऱ्यात जाते, मग तिसऱ्यात, आणि शेवटी खाली कंडेन्सरमध्ये पाणी होऊन पडते. या सगळ्यांच्या पोटातून शाफ्ट जातो. मिनिटाला 3000 फेरे. पलीकडे त्याला जनरेटर जोडलेला, आणि त्या जनरेटरच्या पोटात थंडाव्यासाठी हायड्रोजन भरलेला. तेलाचा गोडसर, डोक्यात चढणारा वास येतो ना? तो बेअरिंगांचा. शाफ्ट धातूवर टेकत नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगतो.

इथे बोलायचं तर तोंड कानाला लावूनच. नाना बोलतही नाहीत. लोखंडी सळईचं एक टोक बेअरिंगच्या घरावर टेकवतात, दुसरं स्वतःच्या कानापाशी, आणि डोळे मिटतात. मग सळई तुमच्या हातात देतात. ऐका. एकसंध, गुळगुळीत घुमणं. कुठे खरखर नाही, घासणं नाही. हा आवाज नीट लक्षात ठेवा, थोड्या वेळात तो हवाहवासा वाटणार आहे.

कंट्रोल रूममध्ये एक चक्कर मारून घ्या. ती थंड आहे, कारण तिथल्या उपकरणांना उकाडा सोसत नाही. माणसांना त्या थंडाव्याचा लाभ जाता जाता होतो, म्हणून प्रत्येकाला तिथे काही ना काही काम निघतं. पॅनलवर फ्रिक्वेन्सीचा काटा बघा. 50 वर हवा, तो साडेअठ्ठेचाळीसच्या जवळपास लोंबकळतोय. राज्यात विजेची मागणी जास्त, पुरवठा कमी, म्हणून सगळी ग्रिड धापा टाकत चाललेली. शिफ्टचे साहेब त्या काट्यावरून नजर काढत नाहीत. तुमच्यासाठी कुणीतरी माठातलं पाणी ओततो. माठाला गुंडाळलेल्या ओल्या पोत्याचा वास त्या पाण्याला आहे.

आणि तेवढ्यात सगळं जातं.

दिवे जातात, पंखे जातात, थंड खोलीतला घूंऽऽ बंद पडतो. क्षणभर तुम्हाला स्वतःचे हातही दिसत नाहीत. मग बाहेरून असा काही गर्जनेसारखा फूत्कार उठतो की तुम्ही खाली बसता. घाबरू नका. बॉयलरमध्ये कोंडलेली वाफ सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून आभाळात निघाली आहे. दूर कुठेतरी ग्रिड कोसळली, संच ट्रिप झाला, आणि आता या अख्ख्या केंद्रात स्वतःचे पंप चालवण्यापुरतीही वीज नाही. हजारो घरांना उजेड देणारी जागा, आणि बॅटरीवर चालणारे चार पिवळट बल्ब.

नाना कुठे गेले? ते पॅनलकडे गेलेले नाहीत. ते टर्बाइनपाशी धावले आहेत आणि खाली वाकून ऐकताहेत. बॅटरीवरचा तेलाचा पंप लागला का? लागला. जनरेटरमधला हायड्रोजन कोंडून ठेवणारा सील ऑइलचा पंप? तोही लागला. आता ते सरळ उभे राहतात. या दोन पंपांवर सगळं आहे. तेल थांबलं तर फिरता शाफ्ट बेअरिंगांतला मऊ धातू काही क्षणांत वितळवून टाकेल.

वाफ बंद झाली तरी शाफ्ट लगेच थांबत नाही. अर्धा-पाऊण तास तो स्वतःच्या जडत्वाने फिरत राहू शकतो. पण आज कंडेन्सरला थंड पाणी देणारे पंप बंद, म्हणून व्हॅक्यूम मोडावा लागतो, आणि आत शिरलेली हवा त्याला लवकर थांबवते. आवाजाची पट्टी उतरत जाते. मध्येच एका टप्प्यावर पायाखालची जमीन जोरात थरथरते. तो क्रिटिकल स्पीड, शाफ्ट तिथून पार झाला की थरथर ओसरते. घुमण्याची गुणगुण होते, गुणगुणीचा उसासा. तुम्हाला वाटतं, चला, थांबतंय एकदाचं.

नानांच्या चेहऱ्याकडे बघा. त्यांना भीती नेमकी त्याचीच आहे.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा थांबून सांगते. गार झालेलं यंत्र कितीही वेळ उभं राहू शकतं. तापलेलं नाही. पिंपाच्या आत अजून शेकडो अंशांची उष्णता कोंडलेली आहे, आणि गरम वाफ-हवा वर चढते, तुलनेने गार ती खाली बसते. शाफ्ट निश्चल पडून राहिला तर त्याची वरची बाजू जास्त गरम राहते, खालची आधी निवते. वरची बाजू लांबते, खालची आखडते, आणि कित्येक टनांचं ते पोलाद मधोमध वर कमान धरतं, एका बाजूने भाजलेला पापड वळावा तसा. कमान डोळ्यांना दिसणारही नाही. पण वाफ अडवणाऱ्या आतल्या पट्ट्यांमध्ये आणि शाफ्टमध्ये जागा मिलिमीटरच्या अंशाएवढीच असते. वाकलेल्या शाफ्टला वेग दिला की तो घासणार, घासून आणखी तापणार, तापून आणखी वाकणार.

म्हणून त्याला फिरवत राहायचं. सावकाश, न थांबता, म्हणजे वरची बाजू खाली येईल, खालची वर जाईल आणि उष्णता सगळीकडे सारखी वाटली जाईल. त्यासाठी टर्बाइन आणि जनरेटरच्या सांध्यापाशी बॅरिंग गिअर बसवलेला असतो. एक मोटर, तिचा वेग शेकडो पटींनी कमी करणारी दातेरी चाकं, आणि शाफ्टवरच्या मोठ्या चक्रात जाऊन अडकणारं एक सरकतं पिनियन. मिनिटाला साधारण 3.4 फेरे. एक फेरा साडेसतरा सेकंदांचा. मोठा संच बंद केला की असं दोन-तीन दिवससुद्धा फिरवावं लागतं, आतला धातू दीडशे अंशांच्या आसपास येईपर्यंत. पुढच्या जर्मन घडणीच्या संचांत हेच काम तेलाच्या जोरदार धारा पात्यांवर मारून करतात आणि शाफ्ट बराच वेगाने फिरतो; पण इथे आपल्यासमोर मोटर आहे.

मोटरला वीज लागते. वीज नाही.

“चला भो,” नाना ओरडतात. आता त्यांना ओरडायची गरज नाही, दालन इतकं शांत झालंय की आवाज छपरावरून परत येतो. “हँड बॅरिंग.”

शाफ्ट थांबला आहे. एकजण जनरेटरच्या टोकाला, जिथे शाफ्टचा तुकडा उघडा दिसतो, तिथे विजेरी धरून खडूने खूण करतो. दुसरा लिव्हर रेटून पिनियन अडकवतो. पहिल्यांदा दात दाताला लागत नाही, मग ठक्क. मोटरच्या मागच्या टोकाला हाताने फिरवायची सोय आहे, तिला दांडा लावायचा आणि सुरू. दोघं एका वेळी. पाच मिनिटांनी दुसरे दोघं. तुमची पाळी आली आहे, या पुढे.

दांडा गरम आहे. तळव्याला लावलेलं सुताचं वेस्ट तेलाने निसटतं. पहिले दहा फेरे सोपे जातात. विसाव्याला खांद्यात कळ येते. घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरतो आणि पुसायला हात मोकळा नाही. वेग शेकडो पटींनी कमी करणारी ती चाकं आता उलटा हिशोब मागतात: शाफ्ट अर्धा फेरा फिरायला तुम्हाला इथे शंभराच्या वर फेरे मारायचे आहेत. कुणीतरी मोठ्याने मोजतोय, साठ, एकसष्ट. एकसुरी मोजणं, चार माणसांचा श्वास, आणि कुठेतरी आत तापलेला पत्रा निवताना टिक टिक वाजतोय. बाकी काही नाही. खडूची खूण वर होती, ती हळूहळू बाजूला येते, मग दिसेनाशी होते.

“बस्स. आली खाली.”

वेळ लिहिली जाते. दहा मिनिटांनी पुन्हा अर्धा फेरा. पुन्हा दहा मिनिटांनी. त्या मधल्या वेळात तुम्ही जमिनीवरच बसता, आणि कुणीतरी डबा उघडतो. कळण्याची भाकरी, ठेचा, फोडलेला कांदा. तेलाच्या हातांनी खाल्लेला तो घास तुम्हाला बराच काळ आठवेल. किटलीतला चहा गार झालाय, तरी सगळे पितात.

खिडकीतून वसाहतीकडे बघा. मिट्ट काळोख. पण तिथे कुणी झोपलेलं नाही. गच्च्यांवर गाद्या टाकून पडलेली माणसं सेफ्टी व्हॉल्व्हच्या आवाजानेच उठली आहेत. त्या गर्जनेचा अर्थ इथल्या प्रत्येक घराला कळतो: आपला माणूस सकाळी वेळेवर घरी येणार नाही. पोरांना पुठ्ठ्याने वारा घालत बायका बोलत बसल्या असतील.

एकजण दमून म्हणतो, “नाना, एखादा फेरा चुकला तर?” नाना रागावत नाहीत. उठतात आणि स्वतः दांड्याला लागतात. पुढचं ते श्वासांच्या मधून सांगतात. खरा कसोटीचा प्रसंग म्हणजे शाफ्ट हलेनासा झाला तर. तेव्हा माणसाला क्रेन लावून ओढायचा मोह होतो. तो टाळायचा. अडकलेला शाफ्ट जबरदस्तीने फिरवला तर आतल्या पट्ट्या सोलून निघतात. तेल चालू ठेवायचं, बाहेरची गार हवा आत शिरू द्यायची नाही आणि वाट बघायची. निवला की तो आपोआप सुटतो. “पण तिथवर येऊच नाही द्यायचं,” म्हणतात. शहाण्णव. सत्त्याण्णव.

तीनच्या सुमारास कंट्रोल रूममधला फोन खणखणतो. कळव्याच्या लोड डिस्पॅच सेंटरहून. ग्रिड पुन्हा उभी होते ती बहुतेक जलविद्युतच्या बळावर, कारण पाणी सोडलं की ती केंद्रं बाहेरच्या विजेवाचून सुरू होतात; तिथून तारांवरून वीज एकेका केंद्राकडे येते. आधी दूरचा एक पंप गुरगुरतो. मग दिवे. सगळ्यांचे चेहरे एकदम दिसतात, काळे, घामेजलेले, आणि कुणीतरी शिट्टी मारतं.

पण अजून घाई नाही. बॅरिंगची मोटर लागते, शाफ्ट आपल्या आपण फिरू लागतो आणि सगळे पॅनलवरच्या एक्सेंट्रिसिटीच्या काट्याभोवती गोळा होतात. शाफ्ट किती वाकला, ते तो मायक्रॉनमध्ये सांगतो. एका मिलिमीटरचे हजार भाग, त्यातले सत्तरच्या आत असले तर वाफ द्यायला हरकत नाही. काटा नव्वदच्या पुढे आहे. साहेब काही बोलत नाहीत. पंधरा मिनिटांनी पंच्याऐंशी. मग शहात्तर. नाना मध्येच सळई घेऊन बेअरिंगांपाशी जाऊन कान लावून येतात. पहाट होते, तळव्यांवरचे फोड फुटतात, काटा बासष्टवर येतो आणि तिथेच राहतो. रात्रीचे सगळे अर्धे फेरे या आकड्यात आहेत.

बॉयलर पेटवून, वाफ पुरेशी तापवून संच पुन्हा उचलायला दुपार होते. रात्रपाळीला घरी जायला सांगितलंय, पण नाना गेलेले नाहीत, म्हणून तुम्हीही गेलेला नाहीत. बाहेर ऊन इतकं की डोळे उघडे राहत नाहीत. आत वाफेचा व्हॉल्व्ह जरासा उघडतो. शाफ्ट बॅरिंगपेक्षा जलद फिरू लागतो, आणि त्याच क्षणी ते सरकतं पिनियन आपोआप दातांतून बाहेर फेकलं जातं. खट्ट! लिव्हर मागे पडतो. नाना हात वर करून पॅनलकडे खूण करतात, मोटर बंद होते. पाचशे. हजार. पायाखालची जमीन थरथरते आणि शांत होते. नाना सळई तुमच्या हातात देतात आणि पहिल्या बेअरिंगकडे बोट दाखवतात.