जहाजांचा मागोवा आणि छोटी नौका : सागरी स्थितिज्ञानाच्या प्रसाराचा इतिहास

भर समुद्रातील जहाज या क्षणी नेमके कोठे आहे, हे किनाऱ्यावरील माणसास कळणे मानवी इतिहासाच्या बहुतेक कालखंडांत अशक्यप्राय होते. गलबताने बंदर सोडले की ते दृष्टीआड होई. त्याची पुढील वार्ता कळे ती ते दुसऱ्या बंदरास लागल्यावर, किंवा वाटेत भेटलेल्या एखाद्या गलबताने ती आणल्यावर. आज गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावर उभा असलेला कोणीही मनुष्य हातातील मोबाईलवर समोर नांगरलेल्या जहाजाचे नाव, ध्वज, लांबी आणि पुढील बंदर वाचू शकतो. या स्थित्यंतराचे वर्णन सामान्यतः तंत्रविद्येची प्रगती असे केले जाते. ते चुकीचे नसले तरी अपुरे आहे. ही माहिती कोणी गोळा केली, कोणाकरिता केली आणि कोणत्या भयापोटी केली, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास अधिक महत्त्वाचे वाटले पाहिजेत. हौसेखातर शिडाची वा यंत्राची छोटी नौका चालविणारा नाविक या व्यवस्थेत सर्वांत शेवटी आला. किंबहुना ती त्याच्याकरिता रचलेलीच नव्हती. ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे त्याला तिचा होणारा उपयोग आणि तिच्यात त्याच्यासाठी दडलेला धोका, या दोहोंचा उलगडा होतो.

१. व्यापाऱ्यांची वार्ता

जहाजांच्या मागोव्याचा व्यवस्थित आरंभ नाविकांनी नव्हे, तर विमेदारांनी केला. लंडनमध्ये इ. स. १६८८ च्या सुमारास एडवर्ड लॉइड याचे कॉफीगृह प्रसिद्धीस आले. जहाजांचे मालक, कप्तान व सागरी विम्याचा धंदा करणारे व्यापारी तेथे जमत. ज्याने एखाद्या गलबतावर जोखीम घेतली त्याला ते सुखरूप आहे की बुडाले, याची वार्ता इतरांच्या आधी कळणे म्हणजे प्रत्यक्ष पैसाच होता. या गरजेतून १७३४ पासून ‘लॉइड्स लिस्ट’ हे जहाजांच्या आगमन-निर्गमनाची वार्ता देणारे पत्र निघू लागले. पुढे कॅप्टन मॅरिअट याने १८१७ मध्ये व्यापारी जहाजांसाठी ध्वजसंकेतांचे कोष्टक प्रसिद्ध केले. त्यायोगे दुरून जाणाऱ्या गलबताला स्वतःची ओळख पटवून देणे सुलभ झाले. इंग्लंडच्या दक्षिण टोकास लिझर्ड येथे १८७२ मध्ये उभारलेले संकेतस्थान म्हणजे दृष्टी आणि विद्युत्तार यांचा संयोग होय. जाणाऱ्या जहाजाने ध्वज दाखवावेत, टेहळ्याने ते दुर्बिणीतून वाचावेत आणि तारेने लंडनला कळवावेत, अशी ती रीत होती. अशा स्थानांच्या उभारणीस १८८८ च्या कायद्याने आधार दिला.

या व्यवस्थेचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. माहिती समुद्रातून किनाऱ्याकडे वाहत असे, आणि तिचे मोल जहाजातील मालाच्या मोलावर ठरत असे. ज्या होडीत विमा उतरविण्याजोगे काही नाही, तिची दखल घेण्याचे कोणास प्रयोजन नव्हते.

२. बिनतारी संदेश आणि रडार

बिनतारी संदेशाने दृष्टीची मर्यादा ओलांडली. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर १९१४ मध्ये सागरी जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि स्थितिज्ञानाचा संबंध मालाइतकाच माणसाच्या प्राणाशीही जोडला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर व्यापारी जहाजांवर रडार आले. समोरच्याने काही न सांगताही त्याचे अस्तित्व कळू शकते, हा रडारचा मोठा विशेष होय. परंतु दिसणे आणि समजणे या भिन्न गोष्टी आहेत. २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळ ‘आंद्रेआ डोरिया’ व ‘स्टॉकहोम’ ही उतारू जहाजे एकमेकांवर आदळली आणि ५१ माणसे मृत्युमुखी पडली. दोन्ही जहाजांवर रडार होते व दोहोंनी एकमेकांना त्यावर पाहिले होते. चुकला तो अर्थ. अपुऱ्या माहितीवरून, विशेषतः रडारवरील अपुऱ्या माहितीवरून, अनुमान बांधू नये, असे १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्करनिवारण नियमांतील सातवा नियम बजावतो. या नियमाच्या मागे अशा अपघातांचा अनुभव उभा आहे.

छोट्या नौकेच्या दृष्टीने रडारची आणखी एक उणीव होती. लाकूड व काचतंतू यांपासून रडारच्या लहरी फारशा परावर्तित होत नाहीत. म्हणून हौशी नाविक डोलकाठीवर धातूचा परावर्तक टांगीत आले. तरीही मोठ्या जहाजाच्या पडद्यावर, विशेषतः खवळलेल्या समुद्रात, त्यांची नौका लाटांच्या ठिपक्यांत हरवून जाण्याचा संभव राहिलाच.

३. अदृश्य नौका

छोटी नौका किनाऱ्यालाही किती अदृश्य होती, याचा पुरावा १९६८–६९ च्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत मिळतो. एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करावयाची, असे तिचे स्वरूप होते. ती पूर्ण करणारा एकमेव नाविक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ज्या ‘सुहेली’ नावाच्या नौकेतून गेला, ती मुंबईत कुलाब्यास बांधलेली होती. वाटेत त्याचे बिनतारी यंत्र निकामी झाले. नोव्हेंबर १९६८ मध्ये न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळ तो दिसला, त्यानंतर एप्रिल १९६९ मध्ये अटलांटिकमध्ये एका तेलवाहू जहाजाने त्याला पाहीपर्यंत, म्हणजे चार महिन्यांहून अधिक काळ, तो जिवंत आहे की नाही हे जगास ठाऊक नव्हते. याच शर्यतीतील डोनल्ड क्रोहर्स्ट याने अटलांटिकमध्येच राहून आपण पुढे गेल्याचे खोटे अहवाल पाठविले, आणि बराच काळ ते खरे मानले गेले. जुलै १९६९ मध्ये त्याची नौका निर्मनुष्य अवस्थेत सापडली. स्थितीची वार्ता देणारा एकच मुखी असला की त्याचे मौन आणि असत्य दोन्ही सारखीच अभेद्य ठरतात, हे या दोन प्रवासांतून दिसते.

१९७९ च्या ऑगस्टमधील ‘फास्टनेट’ शर्यतीने हाच प्रश्न अधिक दारुण रीतीने पुढे आणला. ३०३ नौका निघाल्या. आयरिश समुद्राच्या दक्षिणेस वादळाने त्यांना गाठले आणि १५ स्पर्धक मरण पावले. कोणती नौका कोठे आहे हे कळण्याचे खात्रीचे साधन नसल्याने शोधकार्य करणाऱ्यांना विस्तीर्ण समुद्र धुंडाळावा लागला.

४. स्वयंचलित ओळख आणि तिचे सार्वजनिकीकरण

ज्या पद्धतीने पुढे हे चित्र पालटले, तिचा उगम मात्र नौकाविहारात नाही. २४ मार्च १९८९ रोजी ‘एक्झॉन वाल्डीझ’ हे तेलवाहू जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर चढले. त्यानंतर १९९० मध्ये अमेरिकेने केलेल्या कायद्यामुळे तेथील तेलवाहू जहाजांवर स्वतःची उपग्रहनिश्चित स्थिती आपोआप कळविणारी यंत्रे आली. स्वीडनमध्ये हॉकन लान्स याने कालविभागणीची जी पद्धती विकसित केली होती, तिच्या धर्तीवर ‘एआयएस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वयंचलित ओळखपद्धतीची रचना झाली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००० मध्ये तिचा करारात समावेश केला. १ जुलै २००२ पासून तो अंमलात आला. ३०० टनांवरील आंतरराष्ट्रीय प्रवासी वा मालवाहू जहाजांना व सर्व उतारू जहाजांना ती बंधनकारक झाली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर सुरक्षेची चिंता वाढल्याने तिची अखेरची मुदत अलीकडे आणून २००४ च्या अखेरीवर ठेवण्यात आली.

तिची क्रिया सोपी आहे. अतिउच्च वारंवारतेच्या दोन ध्वनिमार्गांवर प्रत्येक मिनिटाचे २,२५० सूक्ष्म भाग पाडलेले असतात. प्रत्येक जहाज आपल्या भागात बोलते आणि बोलतानाच पुढील भाग राखून ठेवते. मध्यवर्ती नियंत्रकाची गरज पडत नाही. चालते मोठे जहाज २ ते १० सेकंदांना एकदा आपली स्थिती, वेग व दिशा सांगते. नाव आणि मुक्काम यांसारखा मजकूर ६ मिनिटांनी एकदा. हे बोलणे सांकेतिक नसून उघड असते, कारण शेजारच्या जहाजाने ते ऐकावे हाच त्याचा हेतू आहे. या उघडेपणातच पुढील इतिहासाचे बीज होते. जो शेजारच्या जहाजाला ऐकू जातो, तो संदेश टेकडीवरील घराच्या छपरावर बसविलेल्या स्वस्त ग्राहकयंत्रालाही ऐकू जातो.

इंटरनेटवर ही माहिती प्रसिद्ध होऊ लागताच आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या सुरक्षा समितीने डिसेंबर २००४ मध्ये तिचा निषेध केला. अशा प्रसिद्धीने जहाजांच्या व बंदरांच्या सुरक्षिततेस बाध येतो, असे तिचे मत होते. निषेधाचा परिणाम झाला नाही. ग्रीसमधील एजियन विद्यापीठात २००७ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमातून ‘मरीन ट्रॅफिक’ ही सेवा वाढली. जगभरातील स्वयंसेवकांनी आपापली ग्राहकयंत्रे तिला जोडली. किनाऱ्यावरील ग्राहकाची कक्षा क्षितिजापलीकडे फारशी जात नाही. ती उणीव उपग्रहांनी भरून काढली. नॉर्वेचा ‘एआयएससॅट-१’ हा अशा कामाचा लहानसा उपग्रह १२ जुलै २०१० रोजी श्रीहरिकोटा येथून भारताच्या पीएसएलव्ही-सी१५ अग्निबाणाने अवकाशात गेला. लॉइडच्या कॉफीगृहात जी वार्ता वर्गणीदारांचे धन होती, ती अशा रीतीने सर्वांची झाली. तथापि हे वर्तुळ पुन्हा मूळ जागी वळताना दिसते. ‘मरीन ट्रॅफिक’ २०२३ मध्ये व्यापारविषयक माहितीचा व्यवसाय करणाऱ्या ‘केप्लर’ या कंपनीकडे गेले.

५. हौशी नाविकास उपयोग किती?

२० ऑगस्ट २००६ च्या संध्याकाळी ‘ऊझो’ नावाची छोटी शिडाची नौका तीन नाविकांसह आइल ऑफ वाइटहून निघाली. रात्री ‘प्राइड ऑफ बिल्बाओ’ हे मोठे उतारू जहाज तिच्या अगदी निकट आले. नौका आदळून वा उलथून नष्ट झाली आणि तिघेही बुडाले, असा ब्रिटिश सागरी अपघात-अन्वेषण शाखेचा निष्कर्ष होता. नौकेवरील रडार-परावर्तक पुरेसा परिणामकारक नसावा, असेही तिला आढळले. उतारू जहाजाला आपली स्थिती सतत प्रक्षेपित करणे कायद्याने आवश्यक होते. छोट्या नौकेस तसे करणे आवश्यक नव्हते. तिच्यासारख्यांसाठी आखलेल्या ‘ब’ वर्गाच्या यंत्राचे आंतरराष्ट्रीय प्रमाणक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले होते. मोठ्यांची व्यवस्था पूर्ण झाल्यावर लहानांची वेळ येते. मधल्या अंतराची किंमत कोण देतो, हे या घटनेत दिसते.

येथे एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. नौकेवरील ग्राहकयंत्र समोरच्या जहाजाचा संदेश थेट ऐकते. दोघांतील किमान अंतर किती राहील व ते किती मिनिटांनी येईल, हे ते सांगते. इंटरनेटवरील नकाशा मात्र दूरच्या ग्राहकाने ऐकलेली आणि मध्यस्थाने पोचविलेली वार्ता दाखवितो. तीस विलंब लागू शकतो, आणि ग्राहकाच्या कक्षेबाहेर ती तुटते. २० नॉट वेगाने येणारे जहाज ३ मिनिटांत एक सागरी मैल कापते. म्हणजे ६ मिनिटांपूर्वीची स्थिती दाखविणारे चिन्ह प्रत्यक्षाहून दोन मैल मागे असते. डोव्हरच्या सामुद्रधुनीत १९६७ पासून जहाजांच्या ये-जा करण्याच्या वाटा वेगळ्या केल्या आहेत. त्या काटकोनात ओलांडणाऱ्या शिडाच्या नौकेला हे दोन मैल म्हणजे जीवनमरणाचे अंतर होय. प्रवासाची आखणी करणे, कोणत्या वाटेने कोणत्या वेळी रहदारी असते याचा अभ्यास करणे, घरच्यांना नौकेची खबर मिळणे, यांकरिता इंटरनेटवरील मागोवा निश्चित उपयुक्त आहे. टक्कर टाळण्याकरिता नाही.

घरच्यांच्या दृष्टीने तो किती मोलाचा आहे, हे २०१८ च्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत दिसून आले. ‘सुहेली’च्या प्रतिकृतीवर गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ या नौकेतून अभिलाष टोमी निघाले होते. उपग्रहाद्वारे स्थिती कळविणारे यंत्र स्पर्धकांजवळ होते. जुन्या रीतीने नौकानयन करणाऱ्या त्या नाविकांचे स्थान जग मात्र नकाशावर पाहत होते. २१ सप्टेंबर रोजी दक्षिण हिंदी महासागरात डोलकाठ्या मोडून टोमी यांच्या पाठीस गंभीर इजा झाली. त्यांचे स्थान ठाऊक असल्याने भारतीय नौदलाच्या विमानास नौका सापडली आणि २४ तारखेस ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. पन्नास वर्षांपूर्वी ‘सुहेली’च्या वाट्याला आलेल्या अज्ञातवासाशी याची तुलना उद्बोधक आहे.

‘ब’ वर्गाच्या यंत्रालाही मर्यादा आहेत. मोठ्या जहाजाचे यंत्र १२.५ वॅट शक्तीने बोलते. या वर्गाचे मूळ स्वरूपाचे यंत्र केवळ २ वॅटने, आणि चालत्या नौकेवरही ३० सेकंदांनी एकदा. गर्दीच्या मार्गावर जागा न मिळाल्यास ते आपले बोलणे लांबणीवर टाकते. म्हणून आपण सांगितले म्हणजे समोरच्याने ऐकले, असे नाविकाने गृहीत धरू नये.

६. पुराव्याची चिकित्सा

या पद्धतीत प्रत्येक जहाज स्वतःविषयी बोलते. तिचा पुरावा हा अखेर कबुलीजबाब आहे. जून २०२१ मध्ये ओडेसा बंदरात बांधलेल्या ब्रिटिश व डच युद्धनौका सेव्हास्टोपोलकडे जात असल्याचे बनावट संदेश इंटरनेटवरील नकाशांवर उमटले, तेव्हा बंदरातील कॅमेऱ्यांनी त्या जागच्या जागी असल्याचे दाखविले. क्रोहर्स्टच्या खोट्या तारांचे हे नवे रूप होय. असत्याहून अधिक सामान्य आहे ते मौन. युद्धनौकांवर ही पद्धती बंधनकारक नाही, आणि असंख्य लहान होड्यांजवळ यंत्रच नसते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगत शीड उभारणाऱ्या हौशी नाविकाला जाळी टाकून बसलेल्या मच्छिमार होड्यांमधून वाट काढावी लागते. पडदा रिकामा दिसला म्हणून समुद्र रिकामा नसतो. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथून मच्छिमार नौकांवर उपग्रहाधारित १ लाख संदेशयंत्रे बसविण्याच्या राष्ट्रीय योजनेस आरंभ झाला. विमेदारापासून निघालेली ही परंपरा अखेर होडीवाल्यापर्यंत येत आहे.

सारांश, जहाजांच्या मागोव्याचा इतिहास हा ज्ञानाच्या विस्ताराचा आहे तसाच त्याच्या क्रमाचाही आहे. प्रथम माल, मग मोठे जहाज, त्यानंतर राज्यसंस्था, पुढे प्रेक्षक आणि सर्वांत शेवटी छोटी नौका, असा तो क्रम दिसतो. हौशी नाविकास या व्यवस्थेने पूर्वी कधी नव्हते असे साधन दिले आहे. परंतु ती मूलतः त्याच्यासाठी घडलेली नाही, हे विसरता कामा नये. दृष्टीने, श्रवणाने व उपलब्ध असलेल्या सर्व साधनांनी सतत टेहळणी करावी, असे टक्करनिवारणाचा पाचवा नियम सांगतो. लिझर्डच्या टेहळ्याचे ते काम यंत्राने हलके केले, संपविले नाही.