आकाशातलं गायरान
(संगणकाच्या बिनतारी कार्डाची कुळकथा)

वाचक हो, गावच्या शाळेत नवा संगणक आला, की पहिला प्रश्न निघतो तो इंटरनेटचा. भिंतीवर तार तर दिसत नाही. मग हे यंत्र बाहेरच्या जगाशी बोलतं कसं? बोलतं ते पोटात बसवलेल्या एका लहानशा बिनतारी कार्डाच्या साहाय्याने. आज आपण त्या कार्डाची कुळकथा पाहू.

कथेचा आरंभ होतो पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर. तिथल्या विद्यापीठाचा मोठा संगणक एका बेटावर, आणि त्याचा उपयोग करू इच्छिणारे लोक इतर बेटांवर विखुरलेले. टेलिफोनच्या तारा महाग आणि बेभरवशाच्या. तेव्हा प्राध्यापक नॉर्मन अब्रॅमसन व त्यांचे सहकारी यांनी १९७१ साली रेडिओ-लहरींनीच ही जोडणी केली. तिचं नाव 'अलोहानेट'. अलोहा म्हणजे तिकडचा रामराम!

आता अडचण अशी, की लहर एक आणि बोलणारे अनेक. दोघे एकदम बोलले, तर कुणाचंच धड ऐकू येत नाही. ग्रामसभेत हा अनुभव आपल्याला नवा नाही. पण सभेला अध्यक्ष असतो. इथे तोही नव्हता. मग युक्ती काय केली? प्रत्येक यंत्राने आपला मजकूर लहान लहान पुडक्यांत बांधून पाठवायचा. पोचल्याची पावती आली, तर काम झालं. न आली, तर टक्कर झाली असं समजून थोडं थांबायचं आणि पुन्हा पाठवायचं. किती थांबायचं, ते मात्र चिठ्ठी काढल्यासारखं, ज्याचं त्याचं निराळं. नाहीतर दोघे पुन्हा एकदमच बोलायचे! या पद्धतीत मार्गाचा फार तर १८ टक्के उपयोग होई. म्हणून 'आधी ऐका, मग बोला' हा नियम पुढे त्यात मिळाला. आपल्या शाळेतलं कार्ड आजही हेच करतं. आधी कानोसा घेतं, लहर मोकळी असली तर पुडकं सोडतं, आणि पावतीची वाट पाहतं.

पण नुसती युक्ती पुरत नाही, रानही मोकळं हवं. रेडिओ-लहरी वापरायच्या, तर सरकारचा परवाना लागतो. आपल्याकडे एके काळी घरी रेडिओ ठेवायलासुद्धा पोस्टात पैसे भरावे लागत, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. १९८५ साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने लहरींचे तीन पट्टे, शक्तीची मर्यादा घालून, परवान्याविना वापरायला खुले केले. त्यांतला एक २.४ गिगाहर्ट्‌झचा. अन्न तापवणाऱ्या मायक्रोवेव्ह भट्ट्या त्याच पट्ट्यात चालत, त्यामुळे इतरांना तो फारसा कामाचा वाटत नव्हता. आपल्या भाषेत सांगायचं, तर पडीक रान गायरान म्हणून सोडलं.

त्या रानात पहिल्याने शिरले त्यांत दुकानांतली गल्ल्याची यंत्रं बनवणारी एन.सी.आर. ही कंपनी होती. यंत्रं तारेविना जोडता यावीत, ही तिची गरज. तिच्या नेदरलँड्समधल्या कचेरीतले अभियंते व्हिक हेज हे एका समितीचे अध्यक्ष झाले, आणि कुठल्याही कंपनीचं कार्ड दुसरीच्या यंत्राशी बोलू शकेल, अशी नियमावली १९९७ साली या समितीने सिद्ध केली. तेव्हा वेग होता सेकंदाला २० लक्ष बिट. १९९९ साली तो १ कोटी १० लक्ष झाला. त्याच वर्षी ॲपलने आपल्या संगणकात, कळफलकाखाली, बसणारं असं कार्ड ९९ डॉलरना विकायला आणलं. भारत सरकारने हा पट्टा घरात आणि घराबाहेरही परवान्याविना खुला केला, तो जानेवारी २००५ मध्ये.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. कार्ड स्वतः इंटरनेट आणत नाही. ते जवळच्या राउटरशी तेवढं बोलतं. राउटरपर्यंत बाहेरची जोडणीच आली नसेल, तर कार्ड बिचारं काय करणार? आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार! जोडणी आहे, पण वेग मंद आहे, असं असेल तर आधी पाहा, मध्ये जाड दगडी भिंत आहे का, आणि एकाच राउटरवर चाळीस मुलं एकदम बसली आहेत का. कार्डं आपापली पाळी पाळतात, म्हणून गर्दी वाढली की प्रत्येकाचा वाटा घटतो.

गायरानाचं काय होतं, हे गावकऱ्यांना सांगायला नको. एकाने कुंपण घातलं, की दुसऱ्याची गुरं उपाशी राहतात. लहरींचंही तसंच आहे. मर्यादेबाहेर शक्ती वाढवणारं यंत्र कुणी शेजारी बसवलं, तर शाळेचं गरीब कार्ड कानोसा घेत नुसतं थांबून राहील. शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना कार्ड दाखवाल, तेव्हा एवढं जरूर सांगा, की यात जादू काही नाही. रान सगळ्यांचं आहे, आणि प्रत्येकजण दुसऱ्याचं ऐकून मग बोलतो, म्हणून हे चालतं.