करोडगिरीपासून बेनापोलपर्यंत : परभणीच्या मोंढ्याचा भाव सीमेवर कसा ठरतो?

हेडफोन लावलेत ना? मग चला, आज मोंढ्यात जाऊ. परभणी, मानवत, सेलू, कुठलाही चालेल. कापसाची गाडी उभी आहे, तुरीचा ढीग पडलाय, आणि आडत्याच्या मोबाईलवर मेसेज येतोय: 'लेमन मंदा'. लेमन म्हणजे लिंबू नाही बरं का. बाजारात ब्रह्मदेशातून, म्हणजे म्यानमारमधून येणाऱ्या तुरीला लेमन म्हणतात. यांगूनच्या बंदरात भाव पडला की इथे बोली खाली येते. आपल्या तुरीचा आणि यांगूनचा संबंध कधी जुळला? त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती, हे शाळेत शिकलोय. पण व्यापाऱ्यासाठी याचा अर्थ काय होता? परभणीहून मुंबईला गाठी पाठवणं म्हणजे एका अर्थाने परदेशी व्यापार होता! संस्थानाची स्वतःची जकात होती, तिला करोडगिरी म्हणायचे. कंपनी सरकार आणि निजाम यांच्यात १८०२ साली व्यापारी तह झाला, त्यात हा कर पाच टक्क्यांवर बांधला गेला. नाणंही वेगळं. इकडे हाली सिक्का, तिकडे इंग्रजांचा कलदार, आणि हिशेब साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार असा. आज आपण डॉलरचा रेट बघतो, तसा तेव्हाचा व्यापारी हाली-कलदारचा बघायचा.

१९०० साली मनमाड-सिकंदराबाद रेल्वे सुरू झाली आणि परभणीचा कापूस खऱ्या अर्थाने बाहेर पडला. पण ही लाईन मीटरगेज, आणि मनमाडहून मुंबईला जाणारी ब्रॉडगेज. म्हणजे मनमाडला गाठी उतरवा, पुन्हा चढवा. रोटेगाव निजामाच्या हद्दीत, पुढचं नगरसूल इंग्रजांच्या. दोन स्टेशनांमध्ये राज्य बदलायचं, आणि मनमाडला रुळाची रुंदीसुद्धा! (हा रुळाचा घोळ १९९०च्या दशकापर्यंत चालला, बरं का. करोडगिरी संपली, हमाली राहिली.)

मग संस्थान गेलं, १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६०ला महाराष्ट्र झाला. सीमा मिटल्या? छे. १९७२ला कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. शेतकऱ्याने कापूस सरकारलाच विकायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. शेजारच्या आदिलाबादला भाव जास्त असला तरी नाही. हेतू चांगला होता, व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडवायचं. पण पैसे उशिरा यायला लागले तेव्हा लोकांना हीच नवी करोडगिरी वाटली असेल, तर मी त्यांना दोष देणार नाही.

आता जरा मोठा नकाशा उघडा. ८ डिसेंबर १९८५, ढाका. सात देशांनी सार्क स्थापन केली. २००४ला इस्लामाबादमध्ये साफ्ता करारावर सह्या झाल्या, २००६पासून अंमल सुरू. कल्पना साधी: गरीब शेजाऱ्यांनी आपसातली जकात कमी करायची. कागदावर झकास! पण प्रत्येकाने 'संवेदनशील यादी' नावाची पळवाट ठेवली. त्या यादीतल्या मालाला सवलत नाही. परिणाम काय? या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम पाच टक्के. आसियानमध्ये तो साधारण पाव हिस्सा आहे.

कापसाचं उदाहरण घ्या. बांगलादेशात कापूस फारसा पिकत नाही, पण कपडे शिवून जगभर पाठवतो. म्हणजे मराठवाड्याच्या कापसाला हक्काचं गिऱ्हाईक. पाकिस्तानलाही अधूनमधून आपला कापूस लागायचा. २०१९ला तो व्यापार बंद पडला. मग ३१ मार्च २०२१ला पाकिस्तानच्या अर्थमंत्र्यांनी जाहीर केलं की भारताकडून कापूस आणि साखर घेऊ. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मंत्रिमंडळाने निर्णय फिरवला. तारीख १ एप्रिल, पण गंमत नव्हती ती.

आणि दोष फक्त शेजाऱ्याचा नाही हं. ५ मार्च २०१२ला आपल्याच सरकारने एका फटक्यात कापूस निर्यात बंद केली. तेव्हाचे कृषिमंत्री शरद पवार म्हणाले, मला विचारलंच नाही. आठवडाभरात बंदी उठली. पण ज्याने त्या आठवड्यात कापूस विकला, त्याचं काय?

तुरीची गोष्ट त्याहून वाईट. २०१५च्या शेवटी तूरडाळ दोनशे रुपये किलोवर गेली, शहरात बोंबाबोंब झाली. जुलै २०१६मध्ये भारताने मोझांबिकशी करार केला: पहिल्या वर्षी एक लाख टन डाळी, २०२०-२१पर्यंत दोन लाख टन. महाग डाळ बघून आपल्या शेतकऱ्यानेही तूर वाढवली, पाऊसही बरा झाला. पीक विक्रमी आलं, देशात सुमारे ४८ लाख टन. हमीभाव ५,०५० रुपये, पण मोंढ्यात चार हजाराच्या आसपास, कधी त्याच्याही खाली. खरेदी केंद्रांवर बारदाना संपला, ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, माणसं ढिगावर झोपली.

ऑगस्ट २०१७मध्ये सरकारने आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. आता दुसरी बाजू ऐका. म्यानमारमध्ये तूर फारशी खातच नाहीत, ती पिकते ती भारतासाठी. तिथला भाव कोसळला. मानवतच्या शेतकऱ्याचं रडगाणं आणि तिथल्या शेतकऱ्याचं रडगाणं एकाच वर्षी, एकाच पिकासाठी! दोघे देश बिमस्टेकमध्ये एकत्र, १९९७पासून. त्या गटाचा मुक्त व्यापार करार २००४पासून बोलण्यातच आहे. शेवटी २०२१ला वेगळा करार करून म्यानमारकडून दरवर्षी एक लाख टन तूर घ्यायचं ठरलं.

आणि ताजं काय? एप्रिल २०२५मध्ये बांगलादेशाने बेनापोलसारख्या जमिनीवरच्या नाक्यांतून भारतीय सूत घेणं थांबवलं. मे महिन्यात भारताने त्यांचे तयार कपडे फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता बंदरांतून आत येतील असं सांगितलं. ऑगस्टमध्ये आपल्याकडे कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क माफ झालं, परदेशी गाठी स्वस्त झाल्या. म्हणजे तेव्हा इकडून सूत जायची वाट अवघड झाली, आणि बाहेरून कापूस यायची वाट सोपी. हे झालं तेव्हा परभणीत नवा कापूस वेचणीला यायचा होता.