सक्ती कुणावर?

अमेरिकेतून परत यायच्या विचारात असलेल्या मावसभावाने विचारलं, "इथे मुलाला शाळेत न घालता घरी शिकवलं तर कायदा आड येतो का रे?" उत्तरासाठी जरा मागे जावं लागतं.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू केलं. गोखल्यांचं १९११ चं विधेयक मात्र पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात कायदाच केला. मूल शाळेत न पाठवणाऱ्याला महिना एक रुपया दंड! तेव्हा सक्ती म्हणजे आईबापांवरची सक्ती.

१ एप्रिल २०१० ला लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात हे उलटं झालंय. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे असं कलम १० म्हणतं, पण न घातल्यास शिक्षा सांगत नाही. 'सक्ती'ची व्याख्या वाचली तर ती सरकारवर आहे. शाळा द्यायची, मूल येतंय, टिकतंय, शिक्षण पुरं करतंय हे सरकारने पाहायचं. घरी शिकवण्याला स्पष्ट परवानगी नाही, दंडही नाही. म्हणून काही पालक घरी शिकवतात आणि पुढे मुक्त विद्यालयातून किंवा सतरा नंबरचा फॉर्म भरून मुलाला दहावीला बसवतात.

आता आमच्या कर्जत-खालापूरकडे बघा. दिवाळी झाली की कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर निघतात. मालकाची उचल आधीच घेतलेली असते, ती अंगमेहनतीने फेडायची. पोरं बरोबर जातात, ती पाऊस तोंडावर आल्यावरच परततात. शाळेच्या पटावर नाव असतं, वर्गात मूल नसतं. हीसुद्धा शाळेबाहेरचीच मुलं, पण यांच्या आईबापांनी काही निवडलेलं नाही. त्यांना रुपया दंड लावला तर उचलीत एक रुपया वाढेल, बस्स.

माथेरानचे भाई कोतवाल हे ओळखून होते. पेशाने वकील. त्यांनी या भागात गावोगावी शाळा काढल्या आणि त्याच जोडीला शेतकरी सावकाराच्या दारात जाऊ नये म्हणून धान्यपेढ्याही. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. पाटी आणि पोट वेगळं काढता येत नाही, हे त्यांच्या कामातून दिसतं.

मावसभावाला कळवलंय, तुला अडवायला बहुधा कुणी येणार नाही. पण भट्टीवरच्या पोराला शाळेत आणायला कायद्याने ज्याने यायचं, तोही अजून नीट आलेला नाही.